मग विचारायचं काय?

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या निकिताला जेवणाचीच भीती बसलीय. हा आजार आहे. फोनवर सारखं जेवणाचं विचारू नका."

सासूबाई हबकल्या. "मग आईनं इचारायचं तरी काय?"

वर्षभर त्या वरकुट्याहून बारामतीला रोज फोन लावून "जेवलीस का?" विचारायच्या. माझी नणंद "व्हय" म्हणायची, आणि दर सणाला तिच्या बांगड्या कोपराकडं आणखी सरकलेल्या दिसायच्या.

आज मी फोन स्पीकरवर लावून दिला, तशा सासूबाई ओरडल्याच, "निके, गाईला कालवड झाली! कपाळावर चांदणी हाय! चीक तर इतका निघालाय, की खरव..." त्यांनी जीभ चावली.

पलीकडं निकिता खळखळून हसली. मग हळूच म्हणाली, "आई, मी कालपासनं काय खाल्लं न्हाय."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. निघतेच मी. दोघी मिळून कालवडीचं नाव ठरवू."

"ये."

फोन ठेवताच त्यांनी साखरेचा डबा उघडला. आधी माझ्या कडेवरच्या लेकीच्या, मग माझ्या तोंडात चिमूट टाकली.

"कालवड झाल्याची?" मी विचारलं.

"न्हाय गं! वर्षानं माझी लेक खरं बोलली!"