यकृतरक्षक आणि तिसरा दात

अधिक महिन्याचं सासुरवाडीचं जेवण. हेरंबच्या उजव्या हाताने पहिला अनारसा भिंतीवर भिरकावला आणि दुसऱ्याबरोबर, तो भरवणाऱ्या दिगंबरमामांचे दोन दात पाडले.

"मामा, सांगितलं होतं ना, भरवू नका!" हेरंबची बायको केतकी ओरडली. "तो यकृतरक्षक कुणाचं ऐकत नाही!"

हेरंबच्या यकृतावर चरबी चढल्यापासून ते यंत्र त्याच्या उजव्या दंडात होतं. गोड किंवा तळलेलं तोंडाजवळ आलं, की हात चाले. हेरंबकडे फक्त माफी मागायचं काम उरे.

"जावयाला तसाच उठवू?" रक्त पुसत मामा तिसरा अनारसा घेऊन समोरच्या पाटावर टेकले. हाताने त्यांना पाटासकट आडवं केलं आणि जाता जाता सासऱ्यांचा चष्मा फोडला.

एवढ्यात हेरंबला दरदरून घाम फुटला. तो लहानपणापासूनचा टाइप वन मधुमेही. जेवणाआधीचं इन्सुलिन अंगात गेलं होतं, जेवण मात्र भिंतीवर होतं.

"साखर द्या," तो पुटपुटला, "नाहीतर मी गेलो."

केतकी साखर घेऊन धावली. हाताने तिचा गळा धरला.

मग सासूबाईंनी मनगटावर लाटणं हाणलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सासरे त्या हातावर बसले आणि केतकीने खोकत खोकत त्याच्या तोंडात साखर कोंबली.

थोड्या वेळाने हेरंबने डोळे उघडले. समोर दोन दातांची फट दाखवत मामा हसत होते.

"आता हात मोडलाच आहे, तर जावईबापू, एक अनारसा होऊन जाऊ द्या!"

हेरंबच्या डाव्या हातात कसलंही यंत्र नव्हतं. मामांचा तिसरा दात त्याने स्वतः पाडला.