उकडतंय

मिट्रल झडप दुरुस्त होईपर्यंत म्हातारीचं हृदय थंड औषधाने थांबवून ठेवलं होतं. अंगात रक्त फिरवायचं काम यंत्र करत होतं आणि यंत्रावर, सगळे जिला ताई म्हणत, ती बसली होती. दर वीस मिनिटांनी थंड औषध पुन्हा द्यायचं, म्हणजे थांबलेल्या स्नायूला इजा होत नाही. आत्ता आठच मिनिटं झाली होती.

तिच्या कानाशी कोणीतरी म्हणालं, "उकडतंय गं."

आवाज थकलेल्या बाईचा होता. ताईने वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

"कोण बोललं?"

"कोणीच नाही," टाक्यावरची नजर न काढता सर्जन म्हणाले.

"अगं, उकडतंय!"

तिने घाईने हृदयाचं तापमान पाहिलं. ते बारा अंशांवरून चोवीसवर चढलं होतं.

"सर, हृदय गरम होतंय! कुठून तरी अंगातलं गरम रक्त आत झिरपतंय. औषध आत्ताच देते."

"दे, दे लवकर!"

आकडा हळूहळू उतरला. तासाभराने झडप दुरुस्त झाली आणि हृदयाकडचं रक्त अडवणारा चिमटा सोडला, तेव्हा हृदय आपलं आपणच धडधडू लागलं. "सुटलो बुवा," सर्जन म्हणाले आणि सगळे हसले.

ताई बाहेर आली, तशी म्हातारीची लेक धावली.

"छान झालं सगळं. आता काळजी नको."

लेकीने डोळे पुसले. "आई काही बोलली का हो?"

"भुलीत माणूस कसं बोलेल?"

"नाही, आत नेताना म्हणाली होती, काही कमीजास्त वाटलं तर मी सांगेन त्यांना."