सांगते मी बाईंना

न्हाणीत बादलीची कडी खणकली आणि तन्वी दचकली. गुरुवारची शाळा सुटून मायलेकी घरी आल्या त्याला बराच वेळ झाला होता, आणि तेवढ्या वेळात घरात झालेला हा पहिला आवाज.

संचिताच्या बोटांना पांढरं लागलं होतं. ते तिने आधी धुतलं, मग तन्वीचा निळा फ्रॉक पाण्यात बुडवला. पाऊस नव्हता, समुद्राकडे कोणी गेलं नव्हतं. तरी फ्रॉक आधीच ओला होता.

"काय झाला गो?" संचिताची सासू सत्यवती आडाळ्यावर खवायला घेतलेला नारळ तसाच टाकून दारात आली.

"वर्गात झालं." संचिताने वर बघितलं नाही. "हिला जायचं होतं. 'बाई, माका मुतूक जावचा आसा' म्हणाली. बाई म्हणाल्या, नीट बोल, मग जा. हिला नीट शब्द आठवेनात. उभ्या उभ्याच..."

"बाई खंय होती तेवा?"

"समोरच."

"आणि पोरां?"

"हसली."

"मगे बाई काय म्हणाली?"

"काही नाही."

सत्यवती सुनेच्या पाठीकडे बघून म्हणाली, "त्या बाईक एकदा सांग, संचिता. चेडवाची जीभ उपटू नको म्हणान."

"सांगते मी बाईंना."

"सोमवारपासून सांगतंस."

ते खरंच होतं. दुसरीच्या वर्गात तो सगळा आठवडा एकच पाठ चालला होता: शुद्ध बोलायचं. सोमवारी तन्वीने चुकून बाईंना 'आये' अशी हाक मारली. वर्ग हसला. शेजारी बसणारा देवेश तर हसता हसता मागे कलंडला. बाईंचा चेहरा लाल झाला. "इथे बाई म्हणायचं," त्या म्हणाल्या. संध्याकाळी पडवीत तन्वीने ते आजीला सांगितलं, तेव्हा सत्यवती हसली नाही.

"मगे? त्येच्यात हसण्यासारखा काय?" ती स्वयंपाकघराकडे तोंड करून, जरा मोठ्यानेच म्हणाली.

मंगळवारी 'माका' गेलं, 'मला' आलं. बुधवारी फळ्यावर माशांची चित्रं लागली आणि एकेका माशाचा ओकार पुसला गेला. बांगडो नाही, बांगडा. त्या संध्याकाळी तन्वी मागच्या दारी 'बोका, बोका' अशा हाका मारत बसली. मांजर ढिम्म हललं नाही.

"बोको अजून शाळेत जाणा नाय गो, बाय," आजी म्हणाली.

तन्वी खुदकन हसली. त्यानंतर ती हसली नव्हती.

फ्रॉक पिळताना संचिता म्हणाली, "बाईंचं अगदीच चुकतं असं नाही. बाहेर गेल्यावर हसतात लोक." मिठबावहून ती स्वतः रत्नागिरीला शिकायला गेली होती. पहिल्याच दिवशी उभी राहून 'माका' म्हणाली, आणि शिक्षण संपेपर्यंत तिचं नावच 'माका' पडलं.

"भायले हसतत, म्हणान आपणच आधी हसाचा?"

"आणि एकीला सूट दिली तर बाकीची पोरं काय म्हणतील? बाईंना सगळी सारखीच."

"सगळी सारखी?" सत्यवती म्हणाली. "बरा, बरा." आणि नारळाकडे गेली.

शुक्रवारी तन्वी उठली नाही. अंग गरम नव्हतं. उशीत तोंड खुपसून पडून राहिली. संचिता एकटीच शाळेत गेली. संध्याकाळी परतली तेव्हा सत्यवती पडवीच्या पायरीवर बसलेली होती.

"सांगलंस बाईक?"

"शब्दच सुचले नाहीत."

"तुकाव?"

संचिता चपला काढून आत गेली.

तन्वी बोलत नव्हती असं नाही. आजीच्या कानाशी लागून बोलायची. बंद झाली होती ती एकच हाक. केस विंचरताना 'आये, दुखता गो', पाण्याला 'आये', पालीला 'आये', काहीच नसलं तरी 'आये'. दिवसभर त्या हाकेने संचिता वैतागून जायची. आता ती काही काम नसतानाही तन्वीच्या समोरून जायची, थबकायची, पुन्हा जायची. तन्वी मान खाली घालायची. संचिताने एकदा माळ्यावरची धान्य मोजायची पायली खाली पाडून बघितली, मुद्दाम. तन्वी दचकली, तिने तोंडही उघडलं. पण हाक आली ती 'आजये' अशी.

रविवारी सकाळी संचिताने घावणे घातले. नारळाचा रस काढला, त्यात गूळ, वेलची. तन्वीला आवडतो तसा गोड. पानावर तिला आपल्याजवळ बसवलं. घरातही नीटच बोलायची सवय तिने अंगी बाणवली होती, लग्नाआधीपासून. आज तिने ती बाजूला ठेवली.

"तन्वी, रस व्हयो गो तुका?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "माका तर खूप भूक लागली आसा."

तन्वीने चमकून वर बघितलं. आडाळ्यावरचा सत्यवतीचा हात थांबला.

तन्वीने ताट सरकवलं. उठली. पाटाच्या मागे जाऊन सरळ उभी राहिली आणि हाताची घडी घातली. ओठ हलवून तिने वाक्य आधी मनातल्या मनात म्हणून बघितलं.

"मला रस हवा आहे," ती म्हणाली. एकही चूक नव्हती.

संचिताने वाटी भरली. थोडा रस पाटावर सांडला. "बस गो, बाय. जेव."

तन्वी बसली नाही.

"आणखी एक विचारायचं आहे."

"विचार ना."

तन्वीने आजीकडे बघितलं, मग जमिनीकडे. पुन्हा एकदा ओठ हलले.

"बाई, घरी तरी मी तुम्हाला 'आये' म्हणू का?"