कार्मेलोचं पहिलं मत

साहेब, हा वॉर्ड तुम्ही जिंकला नाहीत, चोरलात. मी न्हावी, वस्तरा माझाच होता, म्हणून छातीठोक सांगतो.

महापौराच्या निवडणुकीच्या सकाळी तुमचा माणूस डूली पाच दाढीवाले घेऊन माझ्या दुकानात आला. "कार्मेलो, यांचं एकेक मत देऊन झालंय. आता दाढ्या काढ. मिशा दुपारी उतरवू."

समोरच्या आगीच्या बंबखान्यात मतदान होतं. माणसं तीच, पण दर खेपेला चेहरा नवा आणि नावही नवं.

"नावं कुणाची घेता रे?" मी विचारलं.

"जे मतदानाला फिरकत नाहीत, त्यांची. तू साबण लाव, राजा."

मी लावला. दिवसभर मान वर केली नाही.

सात वर्षं थांबून त्याच महिन्यात मला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं होतं. मतदान संपायला दहा मिनिटं उरली, तेव्हा लग्नातला कोट चढवून आयुष्यातलं पहिलं मत द्यायला धावलो. कारकुनाने यादीवर बोट ठेवलं.

"कार्मेलो दत्तिलो? तो तासाभरापूर्वीच मत देऊन गेला. कानामागचा साबणही पुसला नव्हता त्याने."

 

साहेब, मी कुणाला मत दिलं, तेवढं तरी मला सांगा.