लखमाचा निरोप

"रविवारी मंडळाची पूजा हाय. लखमा बोलला, दादाला ये म्हनावं." ओटीवर टेकता टेकताच गणूने सांगून टाकलं.

धाऊ विळ्याला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही.

"आनखी काय बोलला?"

"आनखी काय नाय."

"मग मी पन काय नाय बोललो, असं सांग त्याला."

गणू मूळचा धाऊच्याच गावचा, वैशाखऱ्याचा, पण आता वाशिंदला राहणारा. गावातली बरीच घरं तिकडे कारखान्यांत कामाला गेली, चाळींमध्ये रुळली, आणि त्यांनी तिथं गावाच्या नावाचं मंडळ काढलं. माघात पूजा, चैत्रात हळदीकुंकू, श्रावणात भजन, दिवाळीनंतर मेळावा. मंडळाचं काही ठरलं की ते गावात येऊन सांगायचं काम गणूचं. धाऊच्या घरी तो सगळ्यात शेवटी यायचा. तिथं वेळ लागायचा.

लखमा हा धाऊचा धाकटा भाऊ, तोही वाशिंदच्या चाळीत राहणारा. दोघांचं बोलणं बंद होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. आई गेली ती भर आषाढात. नदीला पूर, मुरबाडचा रस्ता बंद. धाऊने थांबता येईल तेवढं थांबून पाहिलं, मग गावकऱ्यांच्या सांगण्यावरून अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी लखमा चिखल तुडवत आला. विझलेल्या चितेपाशी उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दादानं मला आईचं तोंड बघू दिलं नाय. मुद्दाम."

बाकीचं धाऊने गिळलं असतं. त्या 'मुद्दाम'वर तो अडकला, तो कायमचाच. पुढे घरात लखमाचं नाव काढायची सोय उरली नाही. सोमीने, त्याच्या बायकोने, एकदा काढलं तेव्हा तो भरल्या ताटावरून उठून गेला होता.

चैत्रात गणू पुन्हा आला.

"बायकांचं हळदीकुंकू हाय, नि आपली पन बैठक हाय. देवळाच्या पत्र्याचं ठरवायचंय. तू ये, धाऊ. लखमा जरा—"

"जरा नाय नि बिरा नाय," धाऊ म्हणाला. "तो काय बोलला तेवढंच सांग. बाकी मला काय ऐकायचं नाय. बोलला नसंल तर च्या पी नि जा."

गणू कपातला चहा नुसता फिरवत राहिला. अंगणात सोमीने मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "बोलला... चार लोकांत तसं बोलायला नको होतं."

धाऊने त्याच्याकडे पाहिलं. "असं बोलला?"

"हां."

"चार लोकांत नको होतं. म्हंजे एकट्यात बोलला असता तर चाललं असतं?"

तो बैठकीला गेला नाही. पण त्या संध्याकाळी जेवताना आपणहून सोमीला म्हणाला, "ल्हानपनी लखमा आंब्यावर चढायचा नि उतरायला घाबरायचा. मला खांदा द्यावा लागायचा." सोमी वाढायचं विसरून तशीच बसून राहिली. 

श्रावणात भजनाचं आमंत्रण घेऊन गणू आला, तेव्हा धाऊनेच विचारलं, "काय बोलला?"

"बोलला, दादाचा तरी काय इलाज होता? पूर काय त्यानं आनला होता?"

धाऊ उठून गोठ्यात गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला. "बेननी चाललीय. ह्या टायमाला नाय जमायचं," म्हणाला. बेणणीला, भातातलं तण काढायला, माणसं होती. पण त्याला वाटलं, एवढं आलंय तर उरलेला एक शब्दही येईल. तो आला की जायचं.

दिवाळीनंतर गणू आला तो ओटीवर चढलाच नाही.

"मेळावा हाय. मी पुना सांगायला यायचा नाय, धाऊ. बोलला, मी चुकलो. दादाला घेऊन या."

"चुकलो बोलला?"

"बोलला."

"येतो," धाऊ म्हणाला.

सोमीने नव्या तांदळाची पिशवी भरून दिली. मुरबाडहून शहापूर, तिथून जीपने वाशिंद. वाटभर धाऊ ओठातल्या ओठात पुटपुटत होता. भावाला पहिलं वाक्य काय बोलायचं ते त्याला ठरवता येत नव्हतं.

चाळीपुढे मांडव घातला होता. कर्ण्यावर कबड्डीच्या संघांची नावं पुकारत होते. गणू समोर आला. "आधी मांडवात बस. च्या घे. मला तुला कायतरी—"

"आधी लखमा."

गणूने चाळीचं टोक दाखवलं आणि तो तिथंच थांबला.

लखमा दारात खुर्चीवर बसला होता. इस्त्रीचा सदरा, मांडीवर शाल. फार वाळला होता. धाऊला पाहताच त्याचा चेहरा हलला, एक हात वर आला. धाऊने पिशवी खाली टाकली आणि तो हात दोन्ही हातांत धरला. ठरवलेलं सगळं विसरला.

"लखमा, तुजे समदे निरोप पोचले रे. तू नाय चुकला. मी मुद्दाम नाय केलं, पन आनखी थांबायला पायजे होतं. पूर उतरेस्तोवर थांबायला पायजे होतं."

लखमा त्याच्याकडे बघत राहिला. डोळे भरून आले, ओठ थरथरले.

"आता बोल की," धाऊ हसत-रडत म्हणाला. "निरोपात एवढं बोललास. एकदा तोंडानं दादा म्हन."

लखमाची बायको हौसा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. ती तशीच थबकली.

"कसले निरोप, दादा? गेल्या माघात पूजेला तुमी येनार म्हनून हे सकाळपासनं हितंच बसून होते. सांजेला वाचा गेली. तवापासनं तोंडातून शबूद नाय."