रक्तातलं दूध

"पी गं बाय, वाटीभर तर हाय." बानूबाईनं शेळीचं कोमट दूध नातीच्या ओठाला लावलं. तीन वर्षांच्या मनूनं तोंड घट्ट मिटून आईकडं पाहिलं.

सत्यशीला चुलीपुढून उठली. "आत्याबाई, नका देऊ. काल अर्ध्या वाटीनं दिवसभर पोट फुगलं होतं. तीनदा जुलाब झाले. दही-ताक चालतं तिला, नुसतं दूधच बाधतं."

"धनगराच्या लेकराला दूध बाधतं!" बानूबाईची नणंद अंबाबाई कालच सेलूहून आली होती. खांबाला टेकून तंबाखू मळता मळता ती हसली. "शंभर शेरडं दारात, आन् नात कोरा चहा पिनार. आपल्यात असं कधी ऐकलं न्हाई. हे लेकरू आलं कुठून मग?"

सासरे उमाजी दुधाचा पेला घेऊन उठले आणि शेरडांच्या कुडामागं गेले. रोज ते तिकडंच दूध प्यायचे, जनावरांवर नजर ठेवत.

सत्यशीलानं नवऱ्याकडं पाहिलं. मल्हारी पायरीवर चपलेचा अंगठा शिवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तूच सांगितलंस की," बानूबाई म्हणाली. रागानं नाही, कोड्यात पडल्यागत. "नवी आलीस तवा, ह्याच जागी बसून. जनावर आईपासनं सुटलं की पुन्हा दूध पीत न्हाई, मानसाचं बी तसंच. पर ज्यांनी हजारो वर्सं जनावरं पाळली, त्यांच्या रगतातच दूध पचवणं उतरलं. ह्यो तर गावभर सांगत फिरला, माझी बायको बीएस्सी हाय, ती म्हनती आमचं रगतच दुधाचं."

सांगितलं होतं. मेंढरांमागचा म्हणून नोकरदार सोयरे मल्हारीला हसले होते, त्यांना ऐकवायला. कॉलेजात सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, तसंच्या तसं. पण फळ्यावर खाली अजून एक ओळ होती : त्यांच्यातही काहींना पचत नाही. ती सांगायची राहिली. आता सांगितली, तर सून अंग काढून घेतेय असंच दिसणार.

सासऱ्यांनाच मधे घालावं म्हणून मनूला कडेवर घेऊन ती तडक कुडामागं गेली.

उमाजी वाकून उभे होते. पेला तिरका होता. म्हातारं काळं कुत्रं दगडाच्या खोलगट कोळंब्यातून दूध लपालपा पीत होतं.

तिला बघून त्यांनी पेला सरळ केला.

"ल्हानपनापासून," उमाजी हळू म्हणाले. "पोटात नुसता गडगडाट व्हतो. धनगर हाय मी, पोरी. कुठं बोलू नको."

"मामा, पण आत..."

"सत्यशीले!" आतून बानूबाईची हाक आली.

ती परतली. अंबाबाईची तंबाखू मळून झाली होती.

"सगळ्यांनाच पचतं असं नाही," सत्यशीला म्हणाली. "ह्या घरातसुद्धा कुणाला तरी बाधत असेल."

"ह्या घरात? कुनाला? नाव घे."

तेवढ्यात उमाजी रिकामा पेला घेऊन आले. कोरड्या मिशांवरून त्यांनी हात फिरवला.

"दादा, तूच सांग," अंबाबाई म्हणाली. "आपल्यात दूध बाधलं व्हय कधी कुनाला?"

उमाजींनी सुनेकडं पाहिलं नाही. "न्हाई," ते म्हणाले, आणि पेला पुढ्यात ठेवून कांबळ्यावर बसले.

मल्हारीचा दाभण थांबला. त्यानं पहिल्यांदा मान वर करून मनूचा चेहरा न्याहाळला. नाक, कपाळ, हनुवटी. मग बायकोचा.

सत्यशीलानं पोरीला खाली बसवलं. बानूबाईच्या हातातली वाटी आपल्या हातात घेतली. आईच्या हातातली म्हणून मनूनं तोंड उघडलं.

कुडामागून कुत्रं जिभल्या चाटत आलं. काळ्या मिशांवरून पांढरे थेंब ओघळत होते. उमाजींनी त्याला पायानं लोटलं. ते गेलं नाही. शेपूट हलवत रिकाम्या पेल्यापुढं जाऊन बसलं, रोजच्यासारखं.

बानूबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.