स्टुलावरचं स्टुलावर

सिनेमा अर्धा झाला तरी लिफ्टवाल्याची बायको एकदाही हसली नव्हती. त्याने तिच्याही वाटचं हसून घेतलं. पण शेजारचं माणूस गप्प असताना हसायचं म्हणजे भाड्याने हसल्यासारखं वाटतं. रविवारची दुपार होती. कुठल्याशा चॅनलवर हा जुना सिनेमा अचानक लागला, तेव्हा "अगं, आपला सिनेमा!" असं म्हणत त्यानेच तिला आतून बोलावलं होतं. आता आपला पोपट होऊ नये म्हणून तो पुढचे विनोद आगाऊ सांगायला लागला होता.

नुसते मित्र असताना दोघांनी तो थिएटरात पाहिला होता. एक मुलगा, एक मुलगी, जिवलग मित्र; एकमेकांची प्रेमप्रकरणं निस्तरता निस्तरता शेवटी एकमेकांच्याच गळ्यात पडतात. बाहेर पडताना ती म्हणाली होती, "येड्या, असं कुठे असतं का?" वर्षभरात तसंच झालं. तो तेव्हाही लिफ्ट दुरुस्त करायचा, ती तेव्हाही हॉस्पिटलात रक्त तपासायची. बाकी बरंच बदललं होतं.

शेवटचा प्रसंग आला. लग्नानंतर नायिकेची पंचाईत होते. नवऱ्याची तक्रार करायची ती जिवलग मित्राकडे, आणि मित्र तर नवरा होऊन बसलाय. मग ती त्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवते. स्टुलावर असेपर्यंत तो मित्र. तिथे ऐकलेलं नवऱ्याच्या कानावर जाता कामा नये. स्टुलावरचं स्टुलावर. लोकांनी इथे थिएटर डोक्यावर घेतलं होतं.

लिफ्टवाल्याच्या संसारातही पहिली काही वर्षं असं स्टूल चाललं. ओला टॉवेल, घोरणं, सासूबाईंचे फोन, असल्या किरकोळ फिर्यादी तिथे दाखल व्हायच्या. मित्र नवऱ्याला मनसोक्त नावं ठेवायचा आणि मग सोफ्यावर येऊन पुन्हा नवरा व्हायचा. पुढे कधीतरी त्या स्टुलावर मनीप्लांटची कुंडी आली. कुणी ठेवली, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

बायको उठली. खिडकीजवळ जाऊन तिने कुंडी खाली ठेवली, स्टुलावरचा मातीचा गोल तळहाताने पुसला आणि स्टूल सोफ्यासमोर आणून मांडलं.

"बस, येड्या."

लिफ्टवाल्याला इतकं बरं वाटलं, की तो जवळजवळ उडी मारूनच बसला. लग्नानंतर 'येड्या'चा 'अरे' झाला होता, 'अरे'चा 'ऐकलंस का', आणि हल्ली तर मागेपुढे काही न लावता थेट वाक्यच यायचं. स्टूल जरा डुगडुगलं.

"बोला बाई. काय केलं त्या नालायकाने?"

"तो वाईट नाहीये रे."

"माझ्यासमोर कशाला त्याची बाजू घेतेस? मी ओळखून आहे त्याला. घोरतो ना अजून?"

"मला नोकरी लागलीये," ती म्हणाली. "दुसऱ्या शहरात. मोठं हॉस्पिटल आहे, सगळी लॅब माझ्याकडे. मी हो म्हणून टाकलंय."

"अरे वा. मग दोघं कधी..."

"मी एकटी. खोलीसुद्धा बघून ठेवलीये."

टीव्हीवर नायक स्टुलावरून धपकन पडला. थिएटरात इथेही हसले होते सगळे.

मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, की आतल्या माणसाशी बोलत राहायचं आणि आपला आवाज चढू द्यायचा नाही, एवढं लिफ्टवाल्याला धंद्याने शिकवलं होतं. आत नक्की कोण अडकलंय, ते मात्र त्याला आज कळत नव्हतं.

"त्याला सांगितलंस?"

"नाही. आधी तुला सांगतेय."

"मला का?"

"तो समजूत काढेल. छान काढतो तो. दोन दिवस भांडी घासेल, तिसऱ्या दिवशी फिरायला नेईल, आणि मी राहून जाईन." तिने टीव्हीचा आवाज बंद केला. "तू विचारशील."

विचारायला तर हवंच होतं. मित्र म्हणून बसला होता, आणि मित्राने काय विचारायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याची ते विचारायची छाती झाली नसती.

"परत येणार आहेस?"

ती जमिनीवरच्या कुंडीकडे बघत राहिली.

"तुझ्याकडे आले असते," ती म्हणाली. "त्याच्याकडे... खरंच माहीत नाही, येड्या."

त्याने मान हलवली. मित्राने हलवावी तशीच.

"त्याला कधी सांगणारेस?"

"सांगेन. आज नको. तू काही बोलू नकोस हं."

"छे. स्टुलावरचं स्टुलावर."

पडद्यावर नावं सरकायला लागली होती. ती आत गेली आणि चहा घेऊन आली. एक कप तिने आपल्यासमोर ठेवला, दुसरा सोफ्याच्या दुसऱ्या टोकाशी. रोज तिथे नवरा बसायचा. त्याच्या वजनाने गादीला एक खळगा पडला होता.

"ये इकडे. गार होईल."

लिफ्टवाला उठला नाही. हात लांब केला असता तर कप हाताला लागला असता, इतका सोफा जवळ होता. पण तिथे बसणाऱ्याला अजून काहीच माहीत नव्हतं.

"त्याचा आहे ना तो?" तो म्हणाला. "येऊ दे त्याला."

तिने पुन्हा बोलावलं नाही. दोघंही त्या खळग्याकडे बघत बसली. चहावर हळूहळू साय धरत होती.